जुना डबल बेड, लोखंडी कपाट आणि फ्लॅटचा जिना : अवजड सामान घराबाहेर काढायचे कसे?

रमजान ईदच्या आधी घराला रंग द्यायचा म्हटले की पहिला प्रश्न रंगाचा नसतोच, सामानाचा असतो. हॉलमधला मोठा सोफा कुठे सरकवायचा, शोकेस कुणाला द्यायची, आणि अम्मीच्या लग्नातले ते लोखंडी कपाट अजून किती वर्षे ठेवायचे? मोहल्ल्यातल्या जुन्या घरात माळा असायचा, मागे परडे असायचे. नको झालेली वस्तू तिथे जाऊन पडायची आणि कुणाच्या डोळ्यांत खुपायची नाही. आता कोल्हापुरातली अनेक कुटुंबे पेठांतून आणि सदर बाजारासारख्या जुन्या वस्त्यांतून बाहेर पडून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आहेत. फ्लॅटला ना माळा, ना परडे. त्यामुळे नको असलेला पलंग एकतर बाल्कनीत उभा राहतो, नाहीतर जिन्यात.

जिन्यात ठेवलेल्या सामानाबद्दल आधी बोलू, कारण खरा धोका तिथे आहे. आमच्या पाहण्यात अशा इमारती आहेत, जिथे प्रत्येक मजल्यावर कुणाची तरी जुनी गादी, कुणाचे तरी मोडके टेबल ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून ठेवलेले असते. ते दोन दिवस दोन पावसाळे होतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतून बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे ठेवणे ही तिथे राहणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. सोफ्यातला फोम पेटला तर काही मिनिटांत जिना काळ्या, विषारी धुराने भरतो. बरे, आग लागो न लागो, रात्री दोन वाजता आजारी माणसाचे स्ट्रेचर उतरवायचे आहे किंवा कुणाचा जनाजा खाली न्यायचा आहे आणि वळणावर शोकेस उभी आहे, ही वेळ कोणत्याही इमारतीवर येऊ शकते. म्हणून पहिली गोष्ट : वस्तू कुठे जाणार हे ठरल्याशिवाय ती फ्लॅटच्या दाराबाहेर काढू नये.

वस्तू नक्की कुणाची?

हा प्रश्न ऐकून हसू येईल. पण भांडणे इथूनच सुरू होतात.

आपल्याकडे पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल, सोफा या वस्तू बहुतेक घरांत लग्नात आलेल्या असतात. जहेज द्यावे-घ्यावे की नाही, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर आमचे मत स्पष्ट विरोधात आहे. मुलीच्या बापाला कर्जात घालणारी ही पद्धत बंदच व्हावी. पण जे सामान आले आहे ते सुनेचे आहे, सासरचे नाही. घटस्फोटाची वेळ आली तर लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर तिला नातेवाइकांकडून, मित्रमंडळींकडून, पतीकडून वा त्याच्या घरच्यांकडून मिळालेल्या सगळ्या वस्तूंवर तिचा हक्क आहे, असे १९८६ च्या मुस्लिम महिला घटस्फोट हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३ मध्येच सांगितले आहे. तेव्हा ‘जागा अडते’ म्हणून सासऱ्याने सुनेचे कपाट परस्पर भंगारात घालणे चुकीचे. तिला विचारावे, आणि विकले तर पैसे तिच्या हातात द्यावेत. संसार सुरळीत चालला असला तरी.

दुसरा प्रसंग वडील किंवा आई वारल्यानंतरचा. मरहूम वडिलांची आरामखुर्ची, लिहायचे टेबल, पुस्तकांचे कपाट हे तरक्यात येते. त्यावर सगळ्या वारसांचा हिस्सा आहे, बहिणींचाही. व्यवहारात कुणी खुर्चीचे तुकडे करून वाटणी करत नाही. पण कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वस्तूंचे फोटो टाकून ‘कुणाला हवे आहे का, नाहीतर अमुक ठिकाणी देतो’ असे विचारायला पाच मिनिटे लागतात. इचलकरंजीत दिलेली बहीण त्या खुर्चीसाठी टेम्पो घेऊन येते की नाही बघा. पैशाने ती खुर्ची काहीच नसेल, पण न विचारता गेलेली वस्तू वर्षानुवर्षे बोलण्यात येत राहते.

भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाच्या वस्तू कोणत्या आणि आपल्या कोणत्या, हे खोली सोडण्याच्या महिनाभर आधी मालकासमोर ठरवावे. आखाती देशात नोकरीला जाणारी मुले पुष्कळदा सगळे सामान मागे टाकून विमान पकडतात. मग डिपॉझिट कापले जाते आणि निस्तरायला घरातले म्हातारे उरतात.

आणि कपाट कुणालाही देण्याआधी ते पूर्ण रिकामे करा. चोरकप्पा, लॉकर, खणाखालची फट, वर अंथरलेल्या वर्तमानपत्राखालची जागा. निकाहनामा, सातबारा, विम्याची पावती, पोस्टाचे बचतपत्र हे सगळे लोक नेमके तिथेच ठेवतात.

कशाचे बनले आहे, त्यावर किंमत

‘आम्ही चाळीस हजाराला घेतला होता’ या वाक्याला जुन्या बाजारात काहीही अर्थ नाही. तिथे वस्तू कशाची आहे ते पाहतात.

सागवानी किंवा शिसवी लाकूड असेल तर घाई करू नका. जुने सागवान सुताराला हवे असते. पॉलिश उडाले, पाय डगमगतो, तरी लाकूड जिवंत असते. रंधा मारून त्याची चौकट होते, पाट होतात, नवे टेबल होते. अशी वस्तू भंगारवाल्याला वजनावर देणे म्हणजे दागिना पितळेच्या भावाने मोडणे. आधी एखाद्या ओळखीच्या सुताराला दाखवा.

लोखंडी कपाट, कंपनी कोणतीही असो, आपण त्याला गोदरेजच म्हणतो. ते दोन भावांनी जाते. कुलूप चालते, दार बसते, किल्ली आहे, तर जुने फर्निचर विकणारा घेतो. तळ गंजून गेला असेल तर किलोवर. कोल्हापूरला या बाबतीत एक सोय आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्री उद्योग आहे, त्यामुळे लोखंडी भंगाराला इथे गिऱ्हाईक कायम असते. लोखंडी वस्तू इथे फेकून द्यावी लागते, असे होतच नाही. फक्त भाव रोज बदलतो. दोन भंगारवाल्यांना विचारावे आणि काटा आपल्या समोर लावावा.

अडचण प्लायवूडची, आणि त्याहून जास्त पार्टिकल बोर्डाची. दुकानात सनमायका लावून चकचकीत दिसणारे स्वस्त फर्निचर आतून लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेले असते. एकदा उघडून पुन्हा जोडले की स्क्रू धरत नाहीत, आणि पाणी लागले की फुगते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी ओसरल्यावर पूरग्रस्त भागांत रस्त्याकडेला सामानाचे जे ढीग लागले, ते ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. पुरातून निघालेली सागवानी वस्तू सावलीत वाळवून अनेकदा पुन्हा वापरता येते. भुशाचे कपाट मात्र हाताने दाबले तरी तुटते. म्हणून शाहूपुरी, दुधाळी किंवा नदीकाठच्या कोणत्याही भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी असले फर्निचर घ्यावे का, याचा विचार विकत घेतानाच करावा. ते टाकायची वेळ येते तेव्हा ते कुणी घेत नाही. उलट उचलायचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात.

हे फळकुटे म्हणून बंबात किंवा चुलीत जाळण्याचा मोह होतो. साधे लाकूड ठीक. पण प्लाय, बोर्ड, सनमायका यांत रसायनी डिंक असतो. त्याचा धूर घरात, विशेषतः लहान मुलांच्या आणि दमेकऱ्यांच्या छातीत जाऊ देऊ नये. शेकोटीतही नाही.

गादीची गोष्ट वेगळीच आहे. कापसाची गादी ही टाकायची वस्तूच नव्हे. आपल्या समाजातल्या पिंजारी-नदाफ मंडळींचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. गादी उसवून कापूस पिंजून नव्या खोळीत भरला की ती पुन्हा नवी होते. जास्त झालेल्या एका गादीतून मुलांच्या दोन दुलया आणि चार उशा निघतात. फोमच्या गादीचे असे काही होत नाही. ती दबली की दबली. आजारी माणूस खूप दिवस झोपलेली, ओल आलेली किंवा ढेकूण झालेली गादी कुणालाही देऊ नका, फुकटसुद्धा नाही. ढेकूण पलंगाच्या सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत राहतात, त्यामुळे नुसते ऊन दाखवून भागत नाही. ज्याच्या घरी पलंग जाईल त्याच्या सगळ्या घराला तो त्रास होतो.

दारातून जाईल का?

डबल बेड आत आला तेव्हा सुटा आला होता आणि सुताराने घरातच जोडला होता, हे आपण विसरतो. एकोणीस मिलिमीटर जाडीचा आठ बाय चार फुटांचा प्लायचा एक पत्रा साधारण ३५ ते ४० किलो भरतो. पेटीच्या बेडला असे चार पत्रे लागले असतील तर वजन दीडशे किलोच्या आसपास गेले. हे दोन पोरांनी ‘धर रे जरा’ म्हणून उचलायचे काम नाही. कमरेत उसण भरली तर डॉक्टरचा खर्च पलंगाच्या किमतीच्या वर जाईल.

आधी फीत घ्या. वस्तूची लांबी, रुंदी, उंची, घराचे दार, लिफ्टचे दार आणि जिन्याचे वळण मोजा. खरा अडथळा वळणावर असतो. सोफ्याचे पाय बहुधा फिरवून निघतात, खण बाहेर काढता येतात, कपाटाची दारे बिजागऱ्यांसह सुटतात. आरसा आणि काच आधी उतरवून चादरीत गुंडाळा. निघालेले सगळे स्क्रू-बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच वस्तूला चिकटपट्टीने बांधा. स्क्रूविना पोचलेला पलंग म्हणजे नुसती फळकुटे.

हमालांशी मजल्याप्रमाणे आणि नगाप्रमाणे आधीच ठरवा. ‘बघू नंतर’ म्हटले की शेवटी दोघांचेही तोंड कडू होते. चौथ्या मजल्यावरून कपाट उतरवणाऱ्या माणसाशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणे बरे दिसत नाही, एवढे आम्ही म्हणू. शहरातल्या शहरात एका पलंगाला आणि कपाटाला छोटा हत्ती पुरतो.

दिवसही पाहून घ्या. पावसाळ्यात उघड्या टेम्पोतून गादी आणि प्लाय नेऊ नये. ईदच्या आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळेच घर आवरत असतात, तेव्हा जुने घेणारा भाव पाडतो. सण झाल्यावर विकलेले बरे.

जोतिबाच्या डोंगरावर गेलेले पलंग

द्यायचे कसे, याचे एक चांगले उदाहरण आम्हाला माहीत आहे. कोल्हापुरातल्या एका मुस्लिम कुटुंबाने फ्लॅट बदलताना जुने सामान जोतिबावरच्या एका ओळखीच्या घरी दिले. जोतिबाचा डोंगर, म्हणजे वाडी रत्नागिरी, शहरापासून साधारण १८ किलोमीटरवर. तिथली पुजारी घराणी येणाऱ्या भाविकांना आपल्या घरी उतरायला जागा देतात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखो माणसे डोंगरावर येतात आणि एरवीही दर रविवारी गर्दी असते. अशा घराला पलंग, बाकडी, लोखंडी रॅक यांची गरज पडतेच.

देणाऱ्यांनी आधी डबल बेड, सोफा, कपाट असे सगळेच फोटो पाठवले. समोरून स्पष्ट उत्तर आले : डबल बेड नको, सोफा नको. दोन सिंगल पलंग, लोखंडी रॅक आणि प्लास्टिकच्या खुर्च्या द्या. कारण साधे होते. मंदिराभोवतीच्या दाट वस्तीत गाडी दारापर्यंत जात नाही. वाहनतळापासून पुढे अरुंद बोळ आणि पायऱ्या, तिथून सगळे माणसांनी उचलून न्यायचे. खोल्याही लहान. सहा बाय साडेसहाचा बेड तिथे गेला असता तर दारातच अडकला असता. सोफ्यावर चार माणसे बसतात, पण तेवढ्याच जागेत सतरंजीवर सहा माणसे झोपतात, हा त्यांचा हिशेब. टेम्पोचे भाडे देणाऱ्यांनी दिले. यात्रेच्या दिवसांत घाटात वाहतुकीवर बंधने असतात, म्हणून यात्रा संपल्यानंतरचा मधला वार निवडला. केर्लीवरून टेम्पो वर गेला आणि तासाभरात सामान आत लागले. डबल बेड मग शहरातच सुताराला गेला.

आम्हाला यातली सगळ्यात चांगली गोष्ट ही वाटली की घेणाऱ्याला ‘नको’ म्हणायची मोकळीक होती. गरिबाला काहीही चालते, असे समजून तीन पायांची खुर्ची पाठवणारे लोक आपल्यात कमी नाहीत. जे स्वतः नाक मुरडल्याशिवाय घेणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये, ही शिकवण आपल्याला कुठून मिळाली ते वाचकांना सांगायची गरज नाही. मदरसा, वसतिगृह, अंगणवाडी, वाचनालय, कुणालाही द्यायचे तर आधी फोटो, मापे आणि दोष कळवा. टेबल, बाकडी आणि रॅक बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतात. सोफा क्वचितच. वाहतुकीचा खर्च देणाऱ्याने उचलावा, नाहीतर ते दान नव्हे, आपला कचरा दुसऱ्याच्या खर्चाने हलवणे झाले.

ऑनलाइन विकताना

ओएलएक्स किंवा फेसबुकवर फोटो टाकला की पहिला फोन बहुतेक वेळा ठगाचा असतो. तो भाव करत नाही, वस्तू बघायला येत नाही, ‘मी फौजेत आहे, पैसे आत्ताच पाठवतो’ म्हणतो आणि क्यूआर कोड पाठवतो. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता असते. गिऱ्हाईक घरी येणार असेल तर घरात दोघे-तिघे असताना बोलवा.

कुणीच घेत नाही, तेव्हा

शेवटी काही वस्तू उरतातच. फुगलेले बोर्ड, फाटलेला फोम, ढेकणांची गादी. हे रात्री कोपऱ्यावर किंवा नाल्याकाठी नेऊन टाकणे हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात कचरा टाकायला आणि जाळायलाही मनाई आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी आपला जयंती नाला शेवटी पंचगंगेलाच मिळतो. नाल्यात अडकलेली एक गादी मोठ्या पावसात किती पाणी अडवते, हे नाल्याकाठी राहणाऱ्यांना विचारा. त्या काठावर राहणारे बहुतेक आपल्यासारखेच, किंवा आपल्याहून गरीब. शहराबाहेर घाटात किंवा ओढ्यात नेऊन टाकणे हेही त्याच रांगेतले. जोतिबाच्या डोंगरावर द्यायला सामान न्यावे, टाकायला नव्हे.

कचऱ्याचा टिपर सोफा घेत नाही, आणि त्या कामगारांवर चिडूनही उपयोग नाही. त्या गाडीत तो मावतच नाही. आपल्या प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला किंवा मुकादमाला आधी भेटा, नाहीतर गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट यांपैकी आपल्या विभागीय कार्यालयात विचारा : मोठी वस्तू कधी उचलाल, पैसे किती, पावती मिळेल का? २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत देशभरातल्या शहरांत जुन्या वापरण्याजोग्या वस्तू जमा करणारी ‘आरआरआर’ केंद्रे उघडली होती. आपल्या भागात असे केंद्र चालू आहे का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या. खासगी माणसाला उचलायला दिले तर तो ते कुठे नेणार हे विचारा. ‘ते तुम्ही बघू नका’ असे उत्तर आले तर समजा की ते नाल्यातच जाणार.

पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ‘व्ही-कलेक्ट’ नावाने ठरलेल्या दिवशी वस्तीत येऊन जुने कपडे, फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करते. जपानमध्ये तर मोठ्या वस्तूसाठी आधी पालिकेकडे नाव नोंदवायचे, दुकानातून ठरलेल्या किमतीचे स्टिकर घ्यायचे, ते सोफ्यावर चिकटवायचे आणि दिलेल्या दिवशी सकाळी खाली ठेवायचा, अशी पद्धत आहे. आपल्या मोठ्या सोसायट्यांना यातले निदान अर्धे उद्यापासून करता येईल. वर्षातून दोन रविवार ठरवावेत, एक पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि एक दिवाळीनंतर. त्या दिवशी सगळ्यांनी नको असलेले सामान खाली आणावे. आधी सोसायटीतल्या वॉचमनला, कामवाल्या बाईंना, झाडूवाल्याला हवे ते निवडू द्यावे, नंतर सुतार आणि भंगारवाला बोलवावा, आणि उरलेल्यासाठी सगळ्यांनी मिळून एक गाडी करावी. एका घराला जो खर्च जड वाटतो, तो वीस घरांत वाटला की चहापाण्याइतका होतो. मे महिन्याची तारीख मात्र एप्रिलमध्येच नोटीस बोर्डावर लावा, म्हणजे विभागीय कार्यालयाशी बोलायला आणि सुताराची वेळ घ्यायला पुरेसे दिवस हातात राहतात.